मिठाला वास नसतो

कासमभाई, गेल्या शुक्रवारी स्टू केला.

साहेबांच्या घरचा तो जाड बुडाचा टोप आता कुठला! दुबईत अल कुसैसच्या आमच्या खोलीत सगळ्यांच्या भाताचं पातेलं आहे, त्यातच केला. कांदे चिरले, गाजरं चिरली, गोश्ताचे तुकडे मैद्यात घोळवून चारही बाजूंनी लाल केले. हात आपोआप चालत होते. बटाटे शिजत आले तसा चमचा भरला, खाली दुसरा हात धरला, आणि फुंकर घालत खोलीच्या दारापर्यंत आलो. दार उघडलं. बाहेर पॅसेजमध्ये चपलांचा ढीग होता आणि कुणाची तरी लुंगी वाळत होती.

तुम्ही गेल्याचा तुमच्या मुलाचा, मुश्ताकचा फोन येऊन गेला होता. मी "इन्ना लिल्लाही" म्हणालो होतो, जेवढं तुमच्याकडून ऐकून पाठ होतं तेवढं. ड्युटीवरही गेलो होतो. पण तुम्ही नाही हे मला कळलं ते त्या दारात, हातात चमचा धरून.

मी आता ज्यांच्याकडे स्वयंपाक करतो त्या सुलभाताई म्हणतात, इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात द्यायचं तर वाचणाऱ्याला कळायला हवं, कासमभाई कोण, मी कोण. शुद्धलेखन त्या बघणार आहेत. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाचं लिखाण, त्यांना बरंच काम पडणार. तर तुमची ओळख तुम्हालाच सांगतो. हसू नका.

दाभोळच्या खाडीकाठी आमची वाडी, आणि पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे तुमचा मोहल्ला. तुम्ही आधीपासून अबू धाबीकडे रुवैसला ड्रायव्हर होतात. रिफायनरीतल्या एका आयरिश साहेबाच्या घरी. साहेबाला घरी स्वयंपाकी हवा होता आणि मी चिपळूणला खानावळीत रस्सा ढवळत होतो. तुम्ही सुट्टीवर आलात, एक दिवस खानावळीत जेवलात, आणि हात धुताना म्हणालात, "म्हादू, पासपोर्ट हाय काय रे तुझ्याकडं?" बस. माझं आयुष्य तिथे वळलं, हात धुवायच्या नळाशी.

निघताना एसटीच्या थांब्यावर माझ्या आईने तुम्हाला गाठलं. तुम्हाला आठवत असेलच, तुम्ही तर मला ते शंभरदा ऐकवलंत. ती म्हणाली, "कासमभाऊ, पोरगा तुमच्या हवाली. तिकडे काय वाट्टेल ते मिळतं म्हणतात. नको ते त्याच्या तोंडात जाऊ देऊ नका." आणि तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणालात, "वयनी, माझ्या डोळ्यांसमोर न्हाय जानार."

एका हिंदू बाईने आपल्या मुलाचा धर्म सांभाळायला एका मुसलमानाला सांगितलं, यात तुम्हा दोघांनाही काहीच वेगळं वाटलं नव्हतं. मला तरी कुठे वाटलं? मी खिडकीची जागा धरत होतो.

आईने खाण्याचं सांगितलं होतं. शिजवण्याचं काही बोलली नव्हती. तिला काय माहीत, मी काय शिजवणार ते! मला तरी कुठे माहीत होतं. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी ओट्यावर बीफचा लालभडक मोठा तुकडा ठेवला आणि म्हणाल्या, आज स्टू. मी मान हलवली आणि मागच्या दाराने धावत गॅरेजमध्ये तुमच्याकडे आलो. तुम्ही गाडीचं बॉनेट पुसत होतात. मी म्हटलं, "कासमभाई, मी जातो परत."

"कुठं? पोहत?" तुम्ही म्हणालात. फडका पिळून दांडीवर टाकलात आणि किचनमध्ये आलात. "बग, हात तुझा, तोंड माझा. तू शिजव, मी चाखतो. आयशीला दिलेला शब्द पन ऱ्हाईल नि नोकरी पन ऱ्हाईल. यल्ला, सुरी घे."

त्या दिवसापासून आपण दोघे मिळून एक स्वयंपाकी होतो.

मॅडम शिकवायच्या ते हातवाऱ्यांनी. तुकडे एकदम टोपात घालायचे नाहीत, थोडे थोडे घालायचे, नाहीतर पाणी सुटतं आणि लाल होत नाहीत. अर्धे बटाटे आधी टाकायचे, ते विरघळून रस्सा दाट करतात. अर्धे शेवटी, ते चावायला. तमालपत्र, त्यांचं ते ओव्यासारख्या वासाचं पान, आणि अगदी मंद आच. मी हे सगळं डोळ्यांनी आणि नाकाने शिकलो. मांस शिजलं की नाही ते चमच्याने दाबून कळतं. कांदा जळायच्या आधी वास बदलतो, तो मला पलीकडच्या खोलीतूनही कळायचा. पण मिठाला वास नसतो, कासमभाई. मोजून घालून पाहिलं. पण ते बटाटे कधी जास्त मीठ पितात, कधी कमी, आणि त्या मसाल्याच्या वड्या कधी खारट निघतात, कधी नाहीत. मिठासाठी जीभच लागते. ती तुमची होती.

आणि तो बिअरचा किस्सा. साहेबांचं म्हणणं, आमच्याकडे स्टूत काळी बिअर पडते. अबू धाबीहून लायसनवर आणलेला डबा त्यांनी कौतुकाने माझ्या हातात दिला. आता आली का पंचाईत! बीफ मी चाखू शकत नाही, बिअर तुम्ही चाखू शकत नाही. म्हणजे त्या घरात जो पदार्थ शिजतोय तो शिजवणाऱ्या दोघांनाही तोंडाला लावता येत नाही. तुम्ही आधी चाखलंत, मग मी डबा ओतला, आणि तुम्ही म्हणालात, "हितनं फुडं तुजा देव नि माजा अल्ला, दोघांनी मिळून बगा म्हनावा."

दोघांनीही बघितलं नाही. स्टू कडू झाला. मॅडमनी एक घास घेतला आणि माझ्याकडे पाहून हसल्या, ते रागावण्यापेक्षा वाईट होतं.

मग तुम्हीच युक्ती काढलीत. कडक सुलेमानी, म्हणजे बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा, त्यात एक खजूर कुस्करून. रंग तोच, कडवटपणा बेताचा. मी म्हटलं, साहेबांना काय सांगायचं? तुम्ही म्हणालात, "खरा सांगायचा. खोटा बोलायला इंग्लिश लय लागता." मी मॅडमना सांगितलं. त्या ओट्याला टेकून पोट धरून हसल्या. साहेब मात्र कुरकुरले, माझी आई ऐकेल तर काय म्हणेल, वगैरे. पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं. त्यानंतर डबा ते नुसताच प्यायला लागले आणि सगळेच सुखी झाले.

त्या घरात मला कधी कुणी वाईट बोललं नाही. एकदाच मी आयर्लंडला इंग्लंड म्हणालो, तेव्हा मॅडम चहापर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. माझं घर पत्र्याचं होतं ते स्लॅबचं झालं, बहिणीचं लग्न झालं, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, ते सगळं त्या टोपातून निघालं. म्हणजे तुमच्या जिभेवरून. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. म्हणायला गेलो असतो तर तुम्ही म्हणाला असतात, "भाषान नको ठोकूस, भात बघ करपतोय."

एकदा तुम्ही एअरपोर्टवर गेला होतात आणि विमानाला उशीर झाला. पाहुणे यायची वेळ झाली होती. मी चमचा ओठांपर्यंत नेला होता. तेवढ्यात तुम्ही मागच्या दारातून आलात आणि माझ्या हातावर अशी फटकन मारलीत की रस्सा भिंतीवर उडाला. "आयशीला काय सांगू मी?" तुमचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, "आई कुठे बघतेय?" तुम्ही म्हणालात, "ती बगत न्हाय म्हनूनच तर माला बगायचा हाय."

हे सगळं मी आनंदाने लिहिलं. आता पुढचं.

तुमचे पाय सुजायला लागले. ब्रेक दाबताना बूट आवळतो म्हणून तुम्ही सँडल घालायला लागलात. क्लिनिकच्या डॉक्टरने प्रेशर सांगितलं, किडनीचं सांगितलं, आणि मीठ बंद. अगदी बंद. लोणचं, पापड, सुकी मासळी, सगळं खलास. तुम्ही हसत मला सांगितलंत, "म्हादू, माला रिटायर केलान रे डॉक्टरनं." मी म्हटलं, काळजी करू नका, मी घालीन अंदाजाने.

मी खरंच घातलं अंदाजाने. आणि भीतीने, म्हणजे कमीच. त्या शुक्रवारी साहेबांकडे लोक जेवायला होते. मी दाराच्या फटीतून बघत होतो. मीठदाणी एका हातातून दुसऱ्या हातात फिरत फिरत सगळ्या टेबलाला वळसा घालून आली. स्वयंपाक करणाऱ्याला ते थोबाडीत मारल्यासारखं असतं. डोळ्यांसमोर अर्धा झालेला स्लॅब आला. साहेब दुसरा स्वयंपाकी बघतील, माझा व्हिसा जाईल, असं काहीबाही. साहेबांच्या मनात तसं काही नसणार. पण मी असाच आहे, तुम्हाला ठाऊक आहे. आभाळ पडायच्या आधी मी छत्री उघडतो.

पुढच्या खेपेला स्टू होत आला, आणि मी चमचा भरून गॅरेजमध्ये आलो. तुम्ही टायरला पाणी मारत होतात. मी काही विचारलं नाही. "चाखाल का" सुद्धा म्हटलं नाही. नुसता चमचा पुढे केला.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. पाइप खाली ठेवलात, हात पँटला पुसलात, आणि चाखलंत. "एक चिमूट आनखी," म्हणालात.

ती चिमूट मी घातली. आणि मग चमचा रोजचा झाला. मी म्हणायचो, "चाखा आणि थुंकून टाका, कासमभाई." तुम्ही म्हणायचात, "अन्न थुकायचा नसता रे." मी आधीच मीठ कमी ठेवायला लागलो, की तुमच्या पोटात कमी जाईल. तर तुम्ही म्हणायचात, "हाताला काय झालाय रे तुझ्या? मीठ काय ब्यांकेत ठेवलायस?" मी क्लिनिकमध्ये जाऊन त्या डॉक्टरला विचारलंही होतं, चमचाभराने काय होतं? तो हसला. चमचाभराने काही होत नाही, म्हणाला. मी हे उत्तर खिशात घालून फिरलो. पण मी त्याला फक्त एक चमचा सांगितला होता. दिवसाला किती भाज्या, किती सूप, किती वर्षं, ते त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आता राहिलं ताट.

इतकी वर्षं आपण दोघे मागच्या खोलीत एकत्र जेवलो. डाळ, भात, मासे, कधी कोंबडी. मॅडम दर वेळी उरलेला स्टू तुमच्यासाठी डब्यात काढून द्यायच्या. तुम्ही थँक्यू म्हणून घ्यायचात आणि शेजारच्या बंगल्यातल्या पठाण माळ्याला नेऊन द्यायचात. मला वाटायचं, तुम्हाला तो आवडत नसेल. गोऱ्यांचं फिकं जेवण. मी खरंच इतका बावळट होतो. ज्या माणसाच्या घरी ईदला बीफचा मोठा हंडा चढायचा, तो माणूस बीफ का खात नव्हता, हे मला कधी सुचलंच नाही. माझ्या ताटाशेजारी ते ताट नको, म्हणून. तुम्ही हे कधी बोलला नाहीत.

साहेबांचं काँट्रॅक्ट संपलं. मॅडम रडल्या, साहेबांनी हात मिळवला, कंटेनर गेला. तुमचा व्हिसा कॅन्सल झाला, मला शारजात सुलभाताईंकडे काम मिळालं होतं. रिकाम्या घराची साफसफाई करायला आपण दोघेच राहिलो. फ्रीजरमध्ये गोश्ताचं एक पाकीट उरलं होतं. तुम्ही ते हातात घेऊन म्हणालात, "म्हादू, आज माला ताटभर घाल. चमच्या-चमच्यानं जेवलोय रे तुझ्या हातचा. एकदा ताट भरून खातो नि जातो."

मी म्हटलं, "नको, कासमभाई. डॉक्टरने सांगितलंय."

"डॉक्टर काय इमानात माझ्या शेजारी बसनार हाय?"

"नको म्हणजे नको. पेज करतो."

तुम्ही थोडा वेळ त्या पाकिटाकडे बघत राहिलात. मग ते माझ्या हातात दिलंत. "कर. पेज तर पेज."

मी पेज केली. बिनमिठाची. वर लोणच्याची फोडसुद्धा दिली नाही. तुम्ही रिकाम्या खोलीत जमिनीवर मांडी घालून ती ओरपलीत आणि म्हणालात, "मेल्या, जाताना आजाऱ्याचा जेवान घातलास माला." हसत म्हणालात. मीही हसलो. पाकीट मी पठाणाला दिलं.

एअरपोर्टवर तुम्ही परत तेच. "कधी चाखू नको हां. आयशीला शब्द दिलाय." मी म्हटलं, "आई जाऊन किती वर्षं झाली, कासमभाई." तुम्ही म्हणालात, "मग? शब्द काय तिच्याबरोबर जाळलास?"

तेव्हापासून मी स्वतःला विचारतोय. नोकरी टिकवायची होती तेव्हा तुमच्या तोंडापुढे मी रोज चमचा धरला, तेव्हा मला डॉक्टर आठवला नाही. ज्या दिवशी माझी नोकरी त्यात नव्हती, फक्त तुमची हौस होती, त्याच दिवशी मला डॉक्टर आठवला. आणि खरंच डॉक्टरच आठवला का? की समोर बसून तुम्ही ताटभर बीफ खाताय, हे मला बघायचं नव्हतं? माझ्या हातांना रोज ते चालत होतं. माझ्या पगाराला चालत होतं. मी शपथेवर सांगू शकत नाही, कासमभाई. मी खूप वेळा खरं शोधलं. दोन्ही खरं असेल.

फोनवर तुम्ही विचारायचात, "आता मीठ कोन बगता?" मी म्हणायचो, ताईंकडे शाकाहारी आहे, मीच बघतो. "मंग माझी ड्युटी खलास," म्हणायचात. मला ताटाचं बोलायचं असायचं. पण तुम्ही लगेच आंब्याला मोहर किती आला ते सांगायला लागायचात. मी ठरवलं, मे महिन्यात सुट्टीला गेलो की समोर बसून बोलेन. मग सुट्टी पुढे ढकलली. नवीन जागा, ताई नको म्हणाल्या तर? ताई नको म्हणाल्या नसत्या. मी विचारलंच नाही.

मुश्ताक फोनवर म्हणाला, अब्बा शेवटी फार खात नव्हते. म्हणायचे, म्हादूने केली होती तशी पेज करा. घरच्यांनी विचारलं, त्यात काय होतं? तर म्हणायचे, काहीच नव्हतं, तीच तर मजा.

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. तुम्ही रागावून गेला असतात, "म्हाद्यानं माला उपाशी धाडलान" असं चार लोकांत म्हणाला असतात, तर मला काहीतरी फेडता आलं असतं. तुम्ही ते पण ठेवलं नाहीत.

हे लिहिताना ताईंच्या धाकट्याने विचारलं, "अंकल, हू वॉज ही?" शेजारी? ड्रायव्हर? भाऊ? शेवटी म्हटलं, "माझी जीभ होती रे ती." "व्हॉट?" म्हणाला आणि गेला कार्टून बघायला.

ताईंना मी सगळं आधीच सांगितलं, बीफचंही. घाबरत घाबरत. वाटलं, गेली नोकरी. त्या म्हणाल्या, "महादेव, हात तर धुता ना?" म्हटलं, "ताई, दिवसातून वीसदा." "मग लिहा. सासूबाई दिवाळीला येतील, त्यांचा चष्मा मी लपवीन."

तर, शुक्रवार. दारातून परत आलो. चमचा हातातच होता. मी तो तोंडाजवळ नेला. खोलीत कोणी जागं नव्हतं, कोणी हातावर मारणार नव्हतं. वास आला, तमालपत्राचा, गाजराच्या गोडीचा, सुलेमानीचा. सगळं ठीक होतं. फक्त मिठाचं कळत नव्हतं. मी चमचा खाली ठेवला. अंदाजाने मीठ घातलं आणि झाकण ठेवलं.

आमच्या खोलीत जोसेफ आहे, कोट्टायमचा, एका वर्कशॉपमध्ये वेल्डर. तो दुपारच्या नमाजाच्या वेळेला उठला. म्हणजे नमाज त्याचा नाही, त्याची झोप तेव्हा संपते. मी ताट काढलं. काठोकाठ भरलं. बटाटे, गाजरं, मोठे मोठे तुकडे, वरून रस्सा. बाजूला खबूस, इथली रोटी. त्याच्यासमोर ठेवलं आणि मी माझा डाळभात घेऊन त्याच्या शेजारी बसलो. अगदी शेजारी, मांडीला मांडी.

तो म्हणाला, "किसका बर्थडे है?"

"किसीका नहीं. पूरा खाना. छोडना नहीं."

तो खायला लागला. मी बघत राहिलो. मान फिरवली नाही. त्याने तुकडा तोडला, खबूस बुडवला, बोटं चाटली. बघणं काही कठीण नव्हतं, कासमभाई. माणूस जेवतोय, एवढंच होतं. एवढंच असतं.

अर्धं ताट झाल्यावर तो म्हणाला, "अच्छा है, भाई. सॉल्ट थोडा कम है," आणि मिठाचा डबा घ्यायला उठायला लागला. मी त्याच्या ताटावर हात आडवा धरला. त्याने माझ्याकडे बघितलं, काय समजला कोण जाणे, परत बसला आणि तसंच संपवलं.

मीठ कमी पडलं, कासमभाई. तुम्हाला चाललं असतं.